पोटात दुखतंय, एवढंच

"मिसेस आत येणार असतील तरी चालतं आमच्याकडे," लॅबमधली मुलगी म्हणाली. अगदी सहज म्हणाली, दुकानदारानं पिशवी हवी का विचारावं तसं. तिच्या खिशावर राखी असं नाव लावलेलं होतं आणि हातात झाकणाची प्लास्टिकची डबी होती. नवनाथ पगारेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "नाही, नाही," तो इतक्या घाईनं म्हणाला, की समोर बसलेल्या दोन बायका मोबाइलमधून मान वर काढून बघायला लागल्या. त्यानं डबी मुठीत दाबली, डावा पाय जरा ओढत खोलीत शिरला, आणि दार लावता लावता त्याला दिसलं, की बाकावरून अर्धवट उठलेली आशा परत खाली बसतेय. आशा म्हणजे त्याची बायको. पिशवी मांडीवर, गुडघे जुळवलेले, नजर समोरच्या भिंतीवर. त्यानं आतून कडी घातली. आता ती का उठली होती? आत यायला उठली होती, की नुसती ओढणी सारखी करायला? गोष्ट एवढीशी, पण ती मनात अशी काही अडकून बसली, की ज्या कामासाठी आत आला ते काम राहिलं बाजूला.

काम तसं साधंच. जगातल्या सगळ्या पुरुषांना कुणी न शिकवता येतं ते. डॉक्टर मॅडमनी परवा समोर बसवून नीट सांगितलं होतं. आजार रक्तवाहिन्यांचा आहे, नसांना आतून सूज येते आणि पुढे रक्त जात नाही. ज्या अवयवाला रक्त मिळत नाही तो अवयव मरतो. एक तसा गेलाच आहे, आता पायाची नस धरलीय, ब्लडप्रेशर चढलंय, मूत्रपिंडाच्या नसांवरही सूज दिसतेय. म्हणून जालीम औषधाची बाटली लावायची, दर काही आठवड्यांनी एक. "औषध तुम्हाला वाचवेल," मॅडम म्हणाल्या होत्या, "पण मूल होण्याची शक्यता बहुतेक घालवेल. त्यामुळे पहिली बाटली लावायच्या आधी बीज साठवून ठेवा. थंड पेटीत वर्षानुवर्षं टिकतं." पहिली बाटली आज दुपारी होती. म्हणजे नवनाथला आणि आशाला मूल होणार की नाही, हे आज सकाळी या खोलीत ठरायचं होतं. खोलीत काळ्या रेक्झिनचा सोफा होता, भिंतीवर बंद टीव्ही होता, हात धुवायचं बेसिन होतं आणि कुणीतरी फार विचार करून लावलेलं बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं. डबी मांडीवर ठेवून तो डोंगराकडे बघत बसला.

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, असं आपल्याकडे म्हणतात आणि हसतात. ज्याच्यावर गुदरतं त्याला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही. नवनाथला तर जावईसुद्धा नव्हता, नुसती अवघड जागा होती. सातपूरला कारखान्यात दुसऱ्या पाळीत मशीनवर लोखंडी जॉब, म्हणजे कापायचा जड तुकडा, चढवताना ते पहिल्यांदा झालं. खालून वर एक कळ आली आणि गुडघेच गेले. शेजारच्या मशीनवरचा चंदर धावत आला, काय झालं रे म्हणाला. आता चंदर म्हणजे ज्याच्याशी दिवसातून दहा वेळा अर्वाच्य बोलायचं तो माणूस. तरीही नवनाथच्या तोंडून निघालं, "पोटात दुखतंय, एवढंच." चंदर म्हणाला, "मग रडतो काय? बेंबी सरकली असेल. तू तर सुलामावशीचा पोरगा, तुझा दवाखाना घरात." आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. कारण सुलाबाई, नवनाथची आई, कॉलनीत आणि आजूबाजूच्या चार गल्ल्यांत बेंबी बसवण्यासाठी प्रसिद्ध होती. वजन उचललं, पाय घसरला, पोटात कळ आली, की लोक सकाळी उपाशीपोटी तिच्याकडे येत. ती त्यांना उताणं निजवी, बेंबीवर पेटती पणती ठेवी आणि वरून तांब्या पालथा घाली. ज्योत आत गुदमरून विझली की तांब्या पोटाची कातडी घट्ट धरून बसे. मग सुलाबाई तो हळूहळू फिरवून ओढी, 'फट्' असा आवाज होई आणि ती म्हणे, बसली. एक रुपया कधी कुणाकडून घेतला नाही. गुण यायचा की नाही कोण जाणे, पण लोक हसत घरी जायचे.

त्या माउलीपुढे पोरगा उताणा पडला आणि पुन्हा म्हणाला, पोटात. आईला दुसरं काय सांगणार? तसं पाहिलं तर कुणाला काय सांगणार? आपल्या भाषेत त्या जागेला दोनच तऱ्हेची नावं. एक शिव्या द्यायची आणि दुसरी पुस्तकातली, जी पुस्तक लिहिणाऱ्यानं तरी आयुष्यात कधी तोंडानं उच्चारली असतील का याची शंका. या दोन्हींच्या मधलं, आईपुढे, साहेबापुढे, बायकोच्या भावापुढे साधेपणानं बोलावं असं नाव कुणी केलंच नाही. आईनं पणती ठेवली. तिच्या हाताला गोडेतेलाचा वास होता, लहानपणापासूनचा, आणि तांब्या पोटाला धरला तेव्हा त्याला आतून रडू फुटायला आलं. दुखत होतं एकीकडे, आणि ती माया करत होती वीतभर वर. "बसली बघ," ती म्हणाली. "बरं वाटतंय," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ताप. येवल्याला माहेरी गेलेल्या आशाचा फोन आला तेव्हा तिलाही पोटच सांगितलं. नाक्यावरच्या डॉक्टरनं पडदा ओढून विचारलं, नक्की कुठं दुखतं, तर या बहाद्दरानं त्यालाही बेंबीखाली बोट लावून दाखवलं. त्यानं गॅसचं इंजेक्शन दिलं. इतकी लाज माणसाच्या अंगात येते कुठून? कोण बघत असतं त्याला? शेवटी चंदरनंच त्याला मोटरसायकलवर मागे बसवून मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं काही न विचारता पायजमा खाली केला. बघितलं. मग तो पोरगा पळतच बाहेर गेला.

पीळ पडला असेल असं त्यांना वाटलं होतं. पीळ पडतो, तो वेळेत सोडवला तर वाचतं म्हणे. उघडून बघितलं तर पीळ नव्हताच. नस सरळ होती, पण आतून सुजून बुजलेली. मशीन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या पाइपात आतल्या आत गाळ साचावा आणि बाहेरून पाइप चांगला दिसावा, असं काहीतरी, असं त्यानं स्वतःची समजूत म्हणून ठरवलं. उजव्या बाजूचं काळं पडलं होतं, ते काढून टाकलं. तुकडा तपासायला गेला आणि त्यातून या आजाराचं नाव निघालं, जे नाव त्याला अजून एका दमात म्हणता येत नाही. त्यानं मॅडमना विचारलं होतं, "मी पहिल्याच दिवशी आलो असतो तर?" "या आजारात सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "कदाचित वाचलं नसतंच." ते 'कदाचित' त्यानं घरी आणलं आणि तेव्हापासून सांभाळलं. सुलाबाईला हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. पण आता कुणी पोट धरून दारात आलं तर ती म्हणते, माझा हात दुखतो बाई, दवाखान्यात जा. बेंबीचा तो तांब्या तिनं माठावर पाणी प्यायला ठेवून दिलाय. तिला कितपत कळलंय हे विचारायची नवनाथची छाती नाही.

बाहेर कुणाचा तरी फोन वाजला. आशाचा नव्हता. आशाच्या फोनचा आवाज नेहमी बंदच, मागावर बसायची सवय. हातात धागे असताना फोन वाजला की मोजणी चुकते. तिची आई तानुबाई येवल्यात पैठणी विणते आणि लग्नसराईत मोठं काम आलं की आशा महिनाभर मदतीला जाते. नवनाथनं तिला पहिल्यांदा बघितलं तेही मागावरच. मुलगी बघायला गेलेले सगळे पोहे खात बाहेरच्या खोलीत बसले होते. त्याला हात धुवायला आत पाठवलं आणि आत ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली. कुणी बघतंय हे तिला माहीत नव्हतं. पायाखालची पावडी एक खाली, एक वर, हाताखालून धोटा इकडून तिकडे, आणि तोंडानं काहीतरी मोजणं चाललेलं. तिच्या मानेवरून घामाची एक रेघ उतरत होती. तो हात ओलेच ठेवून उभा राहिला होता. नंतर लग्न झालं आणि त्याला कळलं की तिच्या बोटांची टोकं रेशमानं खरखरीत झालेली आहेत. ती बोटं पाठीवरून फिरली की त्याच्या अंगावर काटा यायचा, आणि ती हसायची, म्हणायची, तुमची पाठ म्हणजे सूतच, ओढलं की ताणतंय. रेशमाला वास असतो हेही त्याला तिच्यामुळेच कळलं. ओल्या लाकडासारखा, थोडा आंबूस. आता या खोलीत डोळे मिटून तो तोच वास आठवायला गेला, तर नाकात फिनेल शिरलं.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, आपल्याला आता मूल होऊ द्यायचं ना? तो म्हणाला, थांबू जरा. तेव्हा तो ठेकेदाराकडे होता. कारखान्यात ठेकेदाराच्या माणसाला सात महिने झाले की ब्रेक देतात, म्हणजे घरी बसवतात आणि महिन्यानं नवीन म्हणून परत घेतात, असं की तो कधी जुना व्हायलाच नको. नवनाथ त्या ब्रेकवर आयुष्य मोजायला लागला. परमनंट झालो की, तो म्हणायचा. पुढचा ब्रेक टळला की. ती प्रत्येक वेळी हो म्हणायची. भीमजयंतीला नव्या साडीत मिरवणूक बघून आल्यावर म्हणायची, शेजारणीचं बाळ न्हाऊ घालून आल्यावर म्हणायची, हात अजून ओले, अंगाला बेबी पावडरीचा वास. भांडायची नाही, नुसती म्हणायची. आणि तो पाठ फिरवून सांगायचा, बघू. आता वाटतं, बघू म्हणजे काय? काय बघणार होतो आपण? यंदाच्या जानेवारीत तो परमनंट झाला. त्या रात्री त्यानं आणलेले पेढे तिनं बाजूला ठेवले आणि त्याच्याकडे असं बघितलं, की आता बोलायची गरजच नव्हती. मार्चमध्ये ती कळ आली.

ऑपरेशननंतर मात्र तिनं मुलाचं नाव काढलं नाही. एकदाही नाही. आणि तो त्या एका शब्दासाठी झुरायला लागला. ज्या बोलण्याला इतकी वर्षं कंटाळायचा, तेच तिनं बोलावं म्हणून तो संध्याकाळी शेजारच्या बाळाचा विषय स्वतः काढायचा. ती म्हणायची, हं, दात आले वाटतं त्याला, आणि कणीक मळत राहायची. कपडे तो आता मोरीत कडी लावून बदलत होता. गोळ्यांनी तोंड सुजलं होतं, पायांवर जाळीसारखे जांभळे डाग उठले होते, आणि खाली एका बाजूला नुसती सैल कातडी. स्वतःचा हात चुकून लागला तरी तो काढून घ्यायचा. आशा भिंतीकडे तोंड करून झोपायची. तिच्या पाठीचा उबारा तेवढा येत राहायचा आणि तो छताकडे बघत ती ऊब घेत पडायचा, चोरून घेतल्यासारखी. किळस येत असेल तिला, त्यानं ठरवून टाकलं. येणारच. येऊ नये म्हणायला आपण कोण? पण एकदा तरी तिनं ती खरखरीत बोटं पाठीवर ठेवावीत, मूल राहू दे, बाकी सगळं राहू दे, नुसती बोटं ठेवावीत, असं त्याला रात्र रात्र वाटायचं.

आणि आता हे. डबी मांडीवर. त्यानं प्रयत्न केला नाही असं नाही. फोनमध्ये काहीबाही लावून बघितलं, लाज वाटून बंद केलं. मग आशा आठवली, मागावरची, मानेवरच्या त्या रेघेसह, आणि क्षणभर वाटलं की जमतंय. तेवढ्यात ती बाकावरून अर्धवट उठलेली दिसली, परत बसलेली दिसली, आणि सगळं विझलं. शरीर म्हणजे काय मशीन आहे का, बटण दाबलं की चालू? नवनाथला वाटलं, हे मूल आत्ता कुठंतरी दाराशी येऊन उभं आहे आणि आपण त्याला आत घेऊ शकत नाही. त्याला मूल हवं होतं. हा विचार त्याच्या डोक्यात पहिल्यांदाच इतका सरळ आला. आशाला हवंय म्हणून नाही, सगळ्यांना असतं म्हणून नाही. त्यालाच हवं होतं, पहिल्यापासून, आणि त्यानंच त्याला बाहेर थांबवलं होतं. दारावर टकटक झाली. "सर, काही अडचण?" राखीचा आवाज. त्यानं पँट सारखी केली, बेसिनवर तोंडावर पाणी मारलं आणि कडी काढली. बाहेरच्या बायकांकडे न बघता तो म्हणाला, "माझ्या मिसेसला जरा आत पाठवा."

आशा आली. दार लावून घेतलं, पिशवी सोफ्यावर ठेवली आणि खोली बघितली. "डोंगर कशाला लावलाय इथं?" ती म्हणाली.

"मला जमत नाहीये," नवनाथ म्हणाला.

ती त्याच्या शेजारी बसली. रेक्झिन कुरकुरलं. दोघंही डोंगराकडे बघत होते.

"मघाशी तू उठली होतीस."

"यायला उठले होते. तुम्ही नाही म्हणालात. सगळ्यांसमोर." तिचा आवाज जरा हलला. "मला वाटलं, मी नकोच झालेय तुम्हाला. घरात पण कडी, इथं पण कडी."

"मला वाटलं तुला किळस येते."

"किळस?" तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं, आणि तिला खरंच राग आलेला दिसला. "दवाखान्यात तुमच्या ड्रेसिंगला सिस्टरच्या हाताशी कोण होतं? तुम्ही गुंगीत होता. मी उजेड धरला होता मोबाइलचा. मी बघितलंय सगळं. किळस यायची असती तर तेव्हाच नसती का आली?" मग ती हळू म्हणाली, "भिंतीकडे तोंड करून रडत होते हो मी. तुम्हाला दिसू नये म्हणून."

तिनं हात पुढे केला आणि जिथं टाके होते तिथं ठेवला, कपड्यावरूनच, तळहात पूर्ण उघडून. तिच्या बोटांची टोकं कापडाला अडकली. नवनाथच्या तोंडून एक आवाज निघाला, रडण्याचा की कसला ते त्यालाही कळलं नाही. पुढचं सांगायचं कारण नाही. नवराबायकोची गोष्ट आहे, दाराला आतून कडी आहे, आणि राखीनं पुन्हा टकटक केली नाही, यातच काय ते समजावं.

बाहेर आले तेव्हा दोघं शाळा चुकवलेल्या पोरांसारखे दिसत होते. तपासून सांगायला तास-दीड तास लागेल म्हणाले, म्हणून कोपऱ्यावर मिसळ खायला गेले. नवनाथला तिखट बंद होतं, त्यानं नुसता पाव आणि दही घेतलं, तर आशानं आपल्या ताटलीतली शेव त्याच्या दह्यावर घातली. ती बोलत होती. कितीतरी महिन्यांचं साठलेलं बोलत होती, तानुबाईचं नवं गिऱ्हाईक, कुणाचं तरी मोडलेलं लग्न, आणि मध्येच म्हणाली, "त्या थंड पेटीत नीट राहतं ना पण? लाइट गेली तर?" तो म्हणाला, जनरेटर असेल. "असेल म्हणजे? विचारा ना," ती म्हणाली. तो मान खाली घालून हसला. तिनं मुलाचं नाव काढलं होतं. इतका सुखाचा घास त्यानं वर्षभरात खाल्ला नव्हता.

लॅबमध्ये राखी त्यांना थेट आतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती यावरूनच आशानं ओळखलं. डॉक्टर चांगला माणूस होता, घोळवून बोलला नाही. डबीत बीजच नव्हतं. पाणी होतं, बाकी सगळं होतं, पण यंत्राखाली दोनदा बघूनही एकही दिसलं नाही. राहिलेल्या बाजूचाही रक्तपुरवठा आजारानं कमी झाला असेल. कधी कधी आठवड्यानं पुन्हा तपासलं तर थोडं सापडतं. सापडेलच असं नाही. डॉक्टरांनी तिथूनच मॅडमना फोन लावला आणि फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला. मॅडम म्हणाल्या, "मी आजच सुरू करा म्हणेन. मूत्रपिंड गेलं तर परत आणता येत नाही. पण निर्णय तुमचा."

"आठवडा थांबू," नवनाथ म्हणाला.

"नाही," आशा म्हणाली.

"आशा, सापडू शकतं म्हणतायत."

"नाही म्हणाले ना मी." ती फोनकडे वाकून बोलत होती, फोनमध्ये मॅडम बसल्यात अशा थाटात. "मॅडम, दुपारी येतो आम्ही. बाटली लावा."

"तुला मूल नको का?" त्याचा आवाज चढला. परक्या माणसासमोर चढला, त्याचंही भान राहिलं नाही. "अगं आत्ता तर तू विचारत होतीस, लाइट गेली तर काय!"

आशा त्याच्याकडे वळली. तिचे डोळे भरलेले नव्हते, कोरडे ठक्क होते. "सहा वर्षं मी हेच म्हणत होते. तेव्हा तुम्ही माझं ऐकलं नाहीत. आता मी दुसरं म्हणतेय, तर ते तरी ऐका. मला पांढऱ्या कपाळानं पोरगं वाढवायचं नाहीये." आणि मग, डॉक्टरांना लाजल्यासारखं, "माफ करा हां, सर," म्हणाली.

दुपारी त्याला खिडकीजवळची खाट मिळाली. वॉर्डात रांगेनं माणसं पडली होती, प्रत्येकाच्या वर आपापली बाटली. सिस्टरनं नस शोधली, सुई लावली, नळीची चाकी फिरवली. औषध आत शिरलं तसा दंड गार पडत गेला. आशा लोखंडी स्टुलावर बसली होती, पदराच्या जागी ओढणी बोटाला गुंडाळत. थेंब पडत होता. मग नवनाथ छताकडे बघत म्हणाला, "मला पण हवं होतं गं. मी कधी म्हणालो नाही तुला. पण मला फार हवं होतं."

बोटाची ओढणी सोडवत ती म्हणाली, "काय? मुलगा का मुलगी?"

त्यानं याचा कधी विचार केला नव्हता, पण उत्तर तोंडात तयारच होतं. "मुलगी."

"कुणासारखी?"

"नाक माझ्या आईचं."

"अजिबात नाही. ते नाक नको पोरीला. नाक माझ्या आईचं, रंग तुमचा."

"केस तुझे."

"केस माझे, मग रोज सकाळी वेणीवरून रडारड. डबा राहतो, रिक्षावाला हॉर्न मारतो, आणि तुम्ही आपले पेपर वाचत बसलाय."

"मी सोडून येतो की तिला, गाडीवर. पुढं टाकीवर बसवून."

"पहिली पाळी असली तर?"

"चंदरशी बदलून घेतो."

आशानं स्टूल जवळ ओढलं. पोरगी पहिलीत गेली, दुसरीत गेली. तिला गणित येईना. नवनाथनं शिकवायला घेतलं आणि ओरडला, आशा मध्ये पडली. येवल्याला आजीच्या मागावर बसून तिनं एक अख्खा धागा तोडला आणि तानुबाई रागावायच्या ऐवजी हसली. चौथीत ती कुणाला तरी मारून आली. "बरोबर केलं," आशा म्हणाली. "कशाला मारलं ते विचारा तरी," नवनाथ म्हणाला. मग ती मोठी होत गेली, बापाशी बोलायची कमी झाली, दार लावून अभ्यास करायला लागली. दहावीला तिला किती मार्क पडले यावर दोघांचं जुळेना. आशा जास्त सांगत होती. शेवटी मधला आकडा धरला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कूस बदलून ऐकत होता. कॉलेजात तिचं कुणाशी तरी जमलं. कुणाशी, नवनाथनं विचारलं. "तुम्हाला काय करायचंय? चांगला आहे," आशा म्हणाली. पुण्याला नोकरी लागली तेव्हा नवनाथ म्हणाला, नको इतक्या लांब, नाशकात काय नोकऱ्या नाहीत? आशा म्हणाली, जाऊ दे तिला. गेली. मग दिवाळीला यायला निघाली. शिवाजीनगरहून एसटीत बसली, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर, आणि आता अंधार पडला होता, फोन लागत नव्हता, आणि नवनाथ महामार्ग स्टँडवर गाडी लावून केव्हाचा उभा होता.

"झालं हो तुमचं," सिस्टर म्हणाली. तिनं चाकी बंद केली, सुई काढली आणि कापूस दाबला. "पाच मिनिटं घट्ट धरा. मग उठा, पुढचे पेशंट थांबलेत."

आशानं कापूस धरला. ती उठली नाही. तिचा अंगठा त्याच्या दंडावर होता आणि ती खाली बघत होती.

"ती उतरली का हो बसमधून?" तिनं विचारलं.

नवनाथनं डोळे मिटले.

"उतरली," तो म्हणाला.

"बॅग घेतलीत तिच्याकडून?"

"घेतली."

"मग चला," आशा म्हणाली, आणि त्याला उठवायला तिनं आपला खांदा पुढे केला.